ठिणगीची निवड : स्पार्क प्लगच्या डबीवरील सहा खुणांचा इतिहास

वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात प्लग मागितला की दुकानदार गाडीचे मॉडेल विचारतो आणि फळीवरून एक लहानशी डबी काढून पुढे ठेवतो. डबीवर छापलेले असते : बी, पी, आर, ६, ई, एस. फार थोडी गिऱ्हाइके ही अक्षरे वाचतात. जुना प्लग आणि नवा प्लग शेजारी धरून दोन्ही सारखे दिसले, की निवड झाली असे मानले जाते. वास्तविक एनजीके या जपानी कंपनीच्या या एका सांकेतिक नावात दीड शतकाचे तांत्रिक वाद, दोन महायुद्धे आणि आजच्या झारखंडातील अभ्रकाच्या खाणी दडलेल्या आहेत. आजचा धागा त्या अक्षरांविषयी, आणि प्लगपर्यंत वीज वाहून नेणाऱ्या जाड तारेविषयी.

प्रारंभ वाहनाच्या कितीतरी आधीचा आहे. १७७६ मध्ये इटलीतील आलेस्सांद्रो व्होल्टा याने माज्जोरे सरोवराकाठच्या दलदलीतून निघणारा ज्वलनशील वायू गोळा केला. हा वायू बंद भांड्यात भरून विजेच्या ठिणगीने पेटवणारे एक 'पिस्तूल' त्याने बनवले. बंद पोकळी, ज्वलनशील वायू, विद्युतरोधकातून आत शिरलेली तार आणि तिच्या टोकाशी उडणारी ठिणगी : तत्त्वाच्या दृष्टीने पाहता स्पार्क प्लग येथेच पूर्ण झाला होता. इंजिनात तो बसवला एतिएन लेनुआर याने, १८६० साली, पॅरिसमध्ये. बॅटरी, रूमकॉर्फ कॉइल आणि चिनी मातीचा विद्युतरोधक अशी त्याची मांडणी होती. 'स्पार्क प्लगचा जनक कोण' या प्रश्नावर आजही हिरिरीने वाद होतात; पण तो प्रश्न फारसा फलदायी नाही. ठिणगी पाडता येणे ही कधीच अडचण नव्हती. दर मिनिटाला शेकडो वेळा, अचूक क्षणी, उष्णता आणि काजळीत ती पाडत राहणे ही अडचण होती.

लेनुआरच्या इंजिनात पेटण्यापूर्वी वायू दाबला जात नसे. निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार फेऱ्यांचे दाबयुक्त इंजिन चालवून दाखवले, तेव्हा त्याने ठिणगीऐवजी सरकत्या झडपेतून आत जाणाऱ्या ज्योतीवर भिस्त ठेवली. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी बाहेरून बर्नरने तापवलेली नळी वापरली. पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर सतत जळणारी उघडी ज्योत, अशी ती व्यवस्था होती! शिवाय स्फोट नेमका कोणत्या क्षणी व्हावा यावर चालकाचे काही नियंत्रण नसे. मानहाइमचा कार्ल बेंझ मात्र विजेच्या बाजूने उभा राहिला. १८८६ च्या त्याच्या तीनचाकी गाडीत बॅटरी, कॉइल आणि प्लग होते, आणि साऱ्या यंत्रात प्रज्वलनाइतके आपल्याला कशानेच छळले नाही, अशा आशयाची कबुली त्याने पुढे दिली.

याच गाडीच्या सुधारित आवृत्तीतून ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या ऑइगेन आणि रिचर्ड या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. शंभराहून अधिक किलोमीटरचा हा प्रवास तिने पतीला न कळवता केला. वाटेत वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रोइन विकत घेतल्याची हकिकत सर्वश्रुत आहे. या धाग्याच्या दृष्टीने दुसरी हकिकत अधिक मोलाची ठरते. परंपरेने सांगितले जाते त्यानुसार प्रज्वलनाच्या तारेचे वेष्टन वाटेत झिजले, वीज गाडीच्या सांगाड्यात उतरू लागली आणि बर्थाने पायमोज्याचा पट्टा गुंडाळून ती तार झाकली. बहुतेक कथनांत हा प्रसंग गमतीचा म्हणून येतो. खरे पाहता मोटारीच्या पहिल्या दीर्घ प्रवासात नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी एक विद्युतरोधनाचा होता, ही बाब अभ्यासकाने गंभीरपणे घ्यावी अशी आहे. आजही पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात जुन्या गाड्या झटके देत चालतात, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

ठिणगीच्या बाजूने निर्णायक कौल श्टुटगार्टमध्ये लागला. रॉबर्ट बॉशने १८८६ मध्ये तेथे कार्यशाळा उघडली होती. बॅटरीशिवाय, चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करणारा मॅग्नेटो ही त्याची खासियत. आरंभीच्या मॅग्नेटोत सिलिंडरच्या आत धातूची दोन टोके यांत्रिक दांड्यांनी एकमेकांपासून दूर करावी लागत. वेगवान इंजिनात या दांड्या टिकत नसत. बॉशचा सहकारी गॉटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जुळणारा प्लग तयार केला. जानेवारी १९०२ मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी डाइमलर कंपनीला पहिला माल गेला. सिलिंडरच्या आत आता हलणारे काहीही उरले नाही. ही रचना इतकी यशस्वी ठरली की १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटन आपल्या मोटारी आणि विमानांच्या मॅग्नेटोंसाठी जवळजवळ सर्वस्वी शत्रुराष्ट्रावर अवलंबून होता. हा उद्योग त्याला युद्ध चालू असताना घाईघाईने उभारावा लागला. अमेरिकेने पुढे बॉशची तेथील मालमत्ता शत्रूची म्हणून जप्तच केली.

आता डबीकडे वळू. पहिले अक्षर 'बी' म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचे आटे. हा आकडा आज स्वयंसिद्ध वाटतो; पण शतकापूर्वी तसे नव्हते. युरोपात १८ मिलिमीटरचे आटे रूढ होते, अनेक अमेरिकी गाड्यांत सातअष्टमांश इंचाचे, तर फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये चक्क अर्ध्या इंची पाइपाचे निमुळते आटे. नळकामात चालणारे माप हेन्री फोर्डने इंजिनात आणले, यात त्याच्या काटकसरी वृत्तीचे प्रतिबिंब दिसते. पुढे सिलिंडरच्या माथ्यावर झडपा मोठ्या झाल्या, थंड पाण्याच्या वाटा वाढल्या, आणि प्लगला मिळणारी जागा आक्रसत गेली. आजच्या अनेक इंजिनांत १२ किंवा १० मिलिमीटरवर भागवले जाते.

'ई' हे अक्षर आट्यांची लांबी सांगते : १९ मिलिमीटर. त्याजागी 'एच' असेल तर १२.७ मिलिमीटर. ही विचित्र संख्या म्हणजे बरोबर अर्धा इंच. मेट्रिक वेष घातलेले इंचाचे माप. वरवर क्षुल्लक दिसणारा हा फरक निवडीतील सर्वांत घातक चूक घडवू शकतो. आखूड माथ्यात लांब प्लग बसवला तर तो आत डोकावतो आणि वर येणाऱ्या पिस्टनची त्याच्याशी टक्कर होऊ शकते. उलट चूक झाली तर उघड्या राहिलेल्या आट्यांवर काजळी साचते, आणि पुढच्या वेळी योग्य प्लग बसवताना ते आटेच खराब होतात.

अर्थात खरा इतिहास दडला आहे तो मधल्या ६ या आकड्यात. हा उष्णतामानाचा क्रमांक. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे : 'गरम' प्लग अधिक गरम ठिणगी देत नाही. प्रश्न ठिणगीचा नसून प्लगने स्वतः किती तापावे याचा आहे. मधल्या पांढऱ्या विद्युतरोधकाचे नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडण्यासाठी लांबचा रस्ता कापावा लागतो, म्हणून तो प्लग गरम. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन माथ्यात उतरते, म्हणून तो थंड. नाकाचे तापमान सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर काजळी जळून जात नाही आणि विजेला तिच्यातून चोरवाट मिळते. ते साडेआठशेच्या बरेच वर गेले तर प्लगच निखाऱ्यासारखा लाल होऊन ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटवतो. असे अकाली प्रज्वलन काही क्षणांत पिस्टनला भोक पाडू शकते.

सुरुवातीच्या मंदगती इंजिनांत एकच प्लग सर्वत्र चालून जाई. पहिल्या महायुद्धातील विमाने आणि त्यानंतरच्या शर्यतीच्या गाड्या यांनी ही सोय संपवली. सावकाश चालणाऱ्या टॅक्सीत उत्तम ठरणारा प्लग शर्यतीच्या इंजिनात वितळे, आणि शर्यतीचा प्लग शहराच्या गर्दीत काजळून बंद पडे. १९२७ मध्ये बॉशने उष्णतामानाची श्रेणी प्रचारात आणली. प्लग आकड्यांत मोजला जाऊ लागला. एवढे झाल्यावर साऱ्या उद्योगाने एक प्रमाण स्वीकारले असेल, अशी अपेक्षा कोणीही करील. घडले भलतेच. एनजीके आणि डेन्सो यांच्याकडे आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चॅम्पियनकडे नेमके उलट. आणि खुद्द बॉशने आधी मोठा आकडा थंड प्लगला दिला, नंतर नवी पद्धत आणून दिशाच फिरवली. 'मोठा आकडा म्हणजे चांगला प्लग' या समजुतीने आजवर किती इंजिने दुखावली असतील याची मोजदाद कोठेही नाही. कंपनी बदलताना तुलना-तक्ता पाहणे म्हणूनच अनिवार्य ठरते.

विद्युतरोधक कशाचा करावा, हा याच प्रश्नाचा दुसरा पदर. चिनी माती स्वस्त होती. पण अचानक तापल्या-निवल्याने तडकत असे. ब्रिटिश शर्यतपटू केनेल्म ली गिनेस याने त्यावर अभ्रकाचा उपाय निवडला आणि 'केएलजी' या नावाने प्लग विकायला प्रारंभ केला. विमानांच्या इंजिनांत अभ्रकाचे प्लग मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. त्या काळी जगाला उत्तम पत्र्याचे अभ्रक पुरवणारा प्रमुख प्रदेश होता तत्कालीन बिहारमधील कोडरमा, गिरिडीह आणि हजारीबाग. मजूर खाणीतून काढलेल्या अभ्रकाचे पापुद्रे एकेक करून हाताने सोडवत. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने असत. हा माल कलकत्त्याच्या बंदरातून बाहेर जाई. दुसऱ्या महायुद्धात रेडिओ आणि विमानांसाठी अभ्रकाची गरज एवढी वाढली की खरेदीसाठी ब्रिटन आणि अमेरिका यांनी कलकत्त्यात संयुक्त अभ्रक मंडळच नेमले. विमानविद्येच्या इतिहासग्रंथांत वैमानिकांना प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात. पापुद्रे सोडवणाऱ्या त्या बोटांना क्वचित एखादे वाक्य मिळते.

अभ्रकाचे राज्य संपवले ते शिशाने. १९२१ मध्ये थॉमस मिजली याने टेट्राएथिल लेडचा गुण शोधला आणि १९२३ पासून शिसेयुक्त पेट्रोल विक्रीला आले. इंजिनातील ठोका थांबला. मात्र ज्वलनानंतर उरणारी शिशाची संयुगे अभ्रकावर हल्ला चढवत. उत्तर १९३० च्या दशकात मिळाले : भट्टीत अतिशय उच्च तापमानाला घट्ट केलेले ॲल्युमिनियम ऑक्साइड. जर्मनीत सीमेन्सने आणि ब्रिटनमध्ये केएलजी व लॉज यांनी आपापल्या नावांनी ते बाजारात आणले. हा पदार्थ रासायनिक दृष्ट्या माणकाचा सख्खा भाऊ, म्हणजेच कुरुविंद. केएलजीने आपल्या मिश्रणाला दिलेले 'कोरंडाइट' हे नाव इंग्रजी 'कोरंडम'वरून आलेले, आणि तो शब्द तमिळ 'कुरुंदम' व संस्कृत 'कुरुविंद' यांच्याशी जोडलेला. आजही प्लगचा पांढरा भाग त्याच पदार्थाचा असतो. शिसे मात्र पुढची अनेक दशके हवेत मिसळत राहिले. भारतात १ एप्रिल १९९५ रोजी चार महानगरांत शिसेरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर बंधनकारक झाले.

'पी' आणि 'एस' ही अक्षरे थोडक्यात उरकता येतील. 'पी' म्हणजे पुढे आलेले नाक. मंद गतीत ते लवकर तापून स्वतःला स्वच्छ करते आणि वेगात आत येणारे ताजे मिश्रण त्याला गार ठेवते. 'एस' म्हणजे गाभ्यात तांबे. तांबे उष्णता झपाट्याने वाहून नेते, त्यामुळे एकच प्लग गर्दीत आणि महामार्गावर दोन्हीकडे चालतो.

राहिला 'आर'. या अक्षरामागची कथा गाडीच्या बाहेर घडली. हाइनरिख हर्ट्झने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओलहरी सिद्ध केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्याने, आणि मार्कोनीचे पहिले प्रेषक यंत्रही ठिणगीवरच चाले. म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक मोटार नकळत एक लहानसे प्रसारण केंद्र होती. इंजिनातील ठिणगी हे प्रेषक आणि लांब तांब्याची तार हा तिचा ॲन्टेना. घरोघरी रेडिओ आले आणि रस्त्यावरून गाडी गेली की बातम्यांत खरखर मिसळू लागली. दूरचित्रवाणी आल्यावर पडद्यावर ठिपक्यांच्या रेघा धावू लागल्या. १९३४ मध्ये या उपद्रवाचा विचार करण्यासाठी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय समितीची बैठक झाली. १९५२ मध्ये ब्रिटनने नियम करून नव्या वाहनांना उपद्रवरोधक सक्तीचे केले.

उपाय दोन ठिकाणी झाला. प्लगच्या पोटात साधारण पाच हजार ओमचा रोध बसवला गेला, हाच तो 'आर'. आणि तारेच्या गाभ्यातून तांबे काढून तेथे कार्बन मुरवलेला धागा घातला गेला. मोटारीची तार मुद्दाम वाईट वाहक बनवण्यात आली, ही विद्युत अभियांत्रिकीतील एक रोचक उलटापालट होय. तांब्याची तार 'जास्त करंट देते' म्हणून आजही काही हौशी मंडळी ती बसवतात. ठिणगीत त्याने जाणवण्याजोगा लाभ होत नाही. इंजिनाचा संगणक असलेल्या गाडीत मात्र गोंधळ उडू शकतो.

वेष्टनाचाही इतिहास आहे. रबरावर कापसाची वीण आणि वर लाखेसारखा लेप, अशी जुनी तार असे. वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या दाबाखाली तारेभोवती ओझोन तयार होतो आणि तो रबराला भेगा पाडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्यवहारात आलेल्या सिलिकोन रबराने हा दोष बराचसा दूर केला. जुनी तार पारखण्याची गॅरेजमधील रीत अजूनही तीच आहे : अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायचे आणि कोठे निळसर चमक दिसते ते पाहायचे. चमक दिसली तर एकच तार बदलण्यापेक्षा पूर्ण संच बदलणे शहाणपणाचे, कारण सर्व तारांचे वय सारखेच असते. नव्या तारा लांबीने मूळच्या तारांइतक्याच असाव्यात. एकामागून एक पेटणाऱ्या शेजारच्या सिलिंडरांच्या तारा दूरवर समांतर नेऊ नयेत. एकीतील वीज दुसरीत प्रवृत्त होऊन भलत्याच वेळी ठिणगी पडू शकते. बाहेरून जाड आणि रंगीत असलेली तार आतूनही चांगली असेल, याची मात्र कसलीच हमी नाही.

महाराष्ट्रात हे सारे ज्ञान पुस्तकांतून आले नाही. ते किक मारून मारून आले. १९५१ मध्ये बॉशच्या सहभागाने 'मायको' ही कंपनी स्थापन झाली, पुढे तिचा कारभार बंगळुरूत रुजला, आणि कित्येक वर्षे मराठी मिस्त्रींच्या तोंडी प्लग म्हणजे 'मायको' असे समीकरण होते. पुण्याच्या बजाज स्कूटरी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालत. प्लग ऑइलने माखे, स्कूटर तिरकी करून किक मारली जाई, आणि तरीही दाद मिळाली नाही तर डिकीतला जादा प्लग बाहेर निघे. काढलेला प्लग तारेला जोडून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, किक मारून निळी ठिणगी पाहायची, काळा पडला असेल तर पॉलिश पेपरने घासायचा : हा विधी एका संपूर्ण पिढीला पाठ होता. नाकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. पांढराफटक आणि फोड आलेला म्हणजे इंजिन धोक्यात. लहानशा गावातला मिस्त्री उष्णतामानाचा क्रमांक न वाचता हे निदान करी, आणि त्याचे निदान बहुधा बरोबर असे. २००३ मध्ये बजाजने 'पल्सर'ला एका सिलिंडरमागे दोन प्लग दिले. विमानांत हा विचार फार जुना होता; तेथे तो मुख्यतः एक प्लग बंद पडला तरी जीव वाचावा म्हणून होता.

जाता जाता इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रकरण. फेब्रुवारी १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओलांचा गावाजवळ रत्नखडे शोधणाऱ्या तिघांना एक गोटा सापडला. कापल्यावर आत चिनी मातीचा गोल, मध्ये चकाकती धातूची काडी आणि भोवती तांब्याचे अवशेष दिसले. बाहेरच्या थरावरून हा गोटा पाच लाख वर्षांचा असल्याचे सांगितले गेले आणि प्राचीन प्रगत संस्कृतीचा पुरावा म्हणून 'कोसो वस्तू' जगभर गाजली. जवळपास चार दशकांनी, १९९९ मध्ये, दोन अभ्यासकांनी तिची क्ष-किरण छायाचित्रे अमेरिकेतील जुने स्पार्क प्लग जमवणाऱ्यांच्या संघटनेकडे पाठवली. संग्राहकांनी टोकाकडचा आकार आणि विद्युतरोधकाची घडण पाहून निर्वाळा दिला : १९२० च्या दशकातील चॅम्पियन प्लग. बाहेरचा तो 'पाच लाख वर्षांचा' खडक म्हणजे प्लगचे लोखंड गंजताना त्याच्याभोवती घट्ट झालेली माती होती.